शाल-श्रीफळ आणि कपाटाची किल्ली

गेल्या २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने, एका तालुक्याच्या गावातील माध्यमिक शाळेने मला पाहुणा म्हणून बोलावले होते. व्यासपीठावर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या तसबिरीशेजारी खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांची तसबीर होती आणि दोन्हींना झेंडूचे ताजे हार घातलेले होते. दीपप्रज्वलन झाले, स्वागतगीत झाले, नववीतील एका मुलीने नारळीकरांचे चरित्र एकाही जागी न अडता म्हणून दाखवले आणि माझ्या गळ्यात शाल पडली. कार्यक्रम आटोपल्यावर मी प्रयोगशाळा पाहण्याची इच्छा व्यक्त केली, तेव्हा शिक्षकांच्या चेहऱ्यावर जरा अवघडलेपण आले. प्रयोगशाळा म्हणजे ग्रंथालयाच्या खोलीतले एक काचेचे कपाट होते. त्याला कुलूप होते, आणि किल्ली ज्या प्रयोगशाळा परिचराकडे असायची तो दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला होता. त्याच्या जागी कोणी आलेले नव्हते आणि किल्ली कोणत्या जुडग्यात आहे हे कोणालाच सांगता येईना. काचेतून चंचुपात्रे दिसत होती, परीक्षानळ्यांची लाकडी घडवंची दिसत होती आणि वर्तमानपत्राच्या तुकड्यात अर्धवट गुंडाळलेला एक लोलक दिसत होता. ज्या दिवशी साऱ्या देशात प्रकाशाच्या विकिरणावरील शोधाचा उत्सव चालला होता, त्या दिवशी तो लोलक कुलपात होता.

मी हे त्या शाळेची निंदा करण्यासाठी लिहीत नाही. तिथल्या विज्ञानाच्या शिक्षकांना सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे आणि निवडणुकीची कामे सांभाळून तास घ्यावे लागतात, आणि त्यांनी हौसेने घडवून आणलेला तो कार्यक्रम मनापासूनचा होता. माझा आक्षेप आपल्या सर्वांच्या एका सवयीला आहे. एखादा वैज्ञानिक आयुष्यभर जाहीरपणे काही मागत राहतो, आपण त्याचा सत्कार करतो, आणि सत्कार झाला की मागणीही पोचती झाली असे धरून चालतो. नारळीकरांच्या बाबतीत ही सवय विशेष ठळकपणे दिसते, कारण त्यांच्या वाट्याला गौरव कमी आले असे कोणीही म्हणू शकणार नाही. वयाच्या २६ व्या वर्षी, १९६५ मध्ये, पद्मभूषण. १९९६ मध्ये विज्ञानप्रसारासाठी युनेस्कोचे कलिंग पारितोषिक. २००४ मध्ये पद्मविभूषण, पुढे महाराष्ट्रभूषण, २०१४ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार. २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन झाल्यावर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जाहीर झालेला केंद्र सरकारचा मरणोत्तर विज्ञानरत्न पुरस्कार. या प्रत्येक गौरवपत्रात विज्ञानप्रसाराचा आणि वैज्ञानिक दृष्टिकोनाचा उल्लेख आदराने येतो. या दोन शब्दांच्या पोटात कोणत्या ठोस मागण्या होत्या, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. माझे म्हणणे असे की वैज्ञानिकाच्या जाहीर भूमिकेचा गौरव करणे म्हणजे तिच्यातून निघणारे देणे मान्य करणे होय, आणि देणे न मानता केलेला सत्कार त्या भूमिकेची धार बोथट करतो.

त्या मागण्यांपैकी सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी चर्चिली गेलेली मागणी विद्यापीठांविषयीची होती. स्वातंत्र्यापूर्वी या देशातील उत्तम विज्ञान बहुतांशी विद्यापीठांच्या आश्रयाने घडले. भौतिकशास्त्रज्ञ सत्येंद्रनाथ बोस १९२४ मध्ये ढाका विद्यापीठात शिकवत होते, त्यांचेच समकालीन मेघनाद साहांनी अलाहाबाद विद्यापीठात विभाग उभारला, आणि जयंतरावांचे वडील विष्णू वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणित शिकवता शिकवता सापेक्षता सिद्धांतावर संशोधन करत होते. नंतरच्या काळात वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळा, अणुऊर्जा खात्याच्या संस्था आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेसारखी केंद्रे वाढली. त्यांनी मोठे काम केले यात शंका नाही, परंतु पैसा, उपकरणे आणि हुशार माणसे तिकडे गेली आणि विद्यापीठांकडे शिकवणे व परीक्षा घेणे एवढेच उरले. साहांनी या वाटणीला त्या वेळीच विरोध केला होता. नारळीकर स्वतः टाटा संस्थेत अनेक वर्षे होते, म्हणजे या व्यवस्थेच्या लाभार्थी बाजूला होते, आणि तरीही त्यांनी सातत्याने सांगितले की जिथे संशोधक शिकवत नाही आणि शिक्षक संशोधन करत नाही, तिथे दोघेही वाळत जातात.

त्यांचे वेगळेपण असे की ही तक्रार करून ते थांबले नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष यशपाल असताना, १९८८ मध्ये, पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका, म्हणजे आंतरविद्यापीठ खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र, ही संस्था स्थापन झाली, आणि २००३ पर्यंत नारळीकर तिचे संचालक होते. चार्ल्स कोरिया यांनी आखलेली तिची वास्तू, तिथले आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे पर्यटकांना माहीत असतात. पण आयुकाचा खरा नवा विचार तिच्या नावातल्या ‘आंतरविद्यापीठ’ या शब्दात आहे. एखाद्या लहान गावातल्या महाविद्यालयाचा भौतिकशास्त्राचा प्राध्यापक सहयोगी म्हणून निवडला जातो, सुट्टीत काही आठवडे येऊन राहतो, ग्रंथालय आणि संगणक वापरतो, तिथल्या संशोधकांबरोबर जेवणाच्या टेबलावर वाद घालतो आणि परत जाऊन त्याच विषयावर आपल्या वर्गात बोलतो. संशोधनाची सोय एका जागी आणि तिचा हक्क मात्र देशभरातील शिक्षकांना, अशी ही रचना होती. तिच्या जोडीने महिन्यातून एका शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्यान, आणि पुढे पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभी राहिलेली मुक्तांगण विज्ञान शोधिका. तिच्या इमारतीचे ‘पुलस्त्य’ हे नाव सप्तर्षींतल्या ताऱ्याचेही आहे आणि त्यात पुलंचा ‘पुल’ही लपलेला आहे, अशी कोटी संशोधन संस्थेच्या पाटीवर पाहायला मिळते ती पुण्यातच.

आता ज्या शिक्षकासाठी हे सारे उभारले गेले, त्याची आजची अवस्था पाहावी. महाराष्ट्रातील अनुदानित महाविद्यालयांत सहायक प्राध्यापकांची हजारो पदे रिक्त आहेत आणि त्यांचे काम तासिका तत्त्वावरील शिक्षकांकडून करून घेतले जाते. हे सीएचबीचे (क्लॉक अवर बेसिस) प्राध्यापक नेट किंवा सेट या पात्रता परीक्षा उत्तीर्ण असतात, पुष्कळांकडे पीएच.डी. असते. जितके तास घेतले तितके पैसे मिळतात, तेही महिनोन्‌महिने उशिरा, आणि सुट्टीचे काहीच नाही. आयुकाची कल्पना ज्या उन्हाळी सुट्टीवर उभी होती, ती सुट्टी या शिक्षकासाठी बिनपगारी आहे. मे महिन्यात तो पुण्याला येऊन दीर्घिकांच्या वर्णपटांचा अभ्यास करील अशी अपेक्षा ठेवणे क्रूरपणाचे आहे, कारण मे महिन्यात तो खासगी शिकवण्या शोधत असतो. अशा शिक्षकांनी भरलेल्या महाविद्यालयाच्या प्रवेशद्वारावर नारळीकरांच्या नावाची कमान उभारली, तर तिला गौरव म्हणावे की उपहास, हे मला ठरवता येत नाही.

पैशाची गोष्ट थोडक्यात सांगता येते. संशोधन आणि विकासावरील भारताचा एकूण खर्च २०२०-२१ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता. चीनचा हा आकडा अडीच टक्क्यांच्या आसपास आहे, तर दक्षिण कोरिया पाच टक्क्यांच्या जवळपास आणि इस्रायल त्याच्याही वर आहे. आपल्या सरकारांनी दोन टक्क्यांचे उद्दिष्ट २००३ च्या धोरणातही लिहिले आणि २०१३ च्या धोरणातही लिहिले. ऑगस्ट २०१७ मध्ये देशातील अनेक शहरांत वैज्ञानिक आणि विद्यार्थी रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांनी संशोधनासाठी तीन टक्के आणि शिक्षणासाठी दहा टक्के मागितले. २०२३ च्या कायद्याने राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आले. त्यासाठी पाच वर्षांत ५० हजार कोटींचे आकडे मांडले गेले, पण त्यातला बराच मोठा भाग खासगी उद्योगांकडून येईल असे गृहीत आहे. उद्योग तो देतील की नाही हे यथावकाश कळेल.

पैशापेक्षा अवघड मागणी वेगळी होती, आणि तिच्यामुळेच नारळीकर अनेकांना खटकत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१ मध्ये विद्यापीठांत ज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करण्याचे ठरवले, तेव्हा ज्या वैज्ञानिकांनी जाहीर विरोध केला त्यांत ते होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००४ मध्ये न्यायालयाने आयोगाच्या निर्णयात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. अशा वेळी पराभूत बाजूचा माणूस सहसा एखादा कडवट लेख लिहून गप्प बसतो. नारळीकरांनी संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतले नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्या साह्याने एक चाचणी रचली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळा गोळा करून २०० कुंडल्या तयार केल्या, त्या सरमिसळ केल्या, आणि ज्योतिषांना जाहीर आवाहन करून प्रत्येकी ४० कुंडल्या पाठवल्या. कुंडली पाहून मूल हुशार की मतिमंद एवढेच सांगायचे होते. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. त्यांचे बरोबर येण्याचे प्रमाण ४६ टक्के भरले, म्हणजे नाणे उडवून जे साधले असते त्याच्याही किंचित खाली. एका ज्योतिष संस्थेने सर्वच्या सर्व २०० कुंडल्या पाहिल्या आणि तिची १०२ उत्तरे बरोबर आली.

या चाचणीचा निकाल सर्वांना आठवतो. मला तिची पद्धत अधिक मोलाची वाटते. ज्योतिषांना मूर्ख ठरवणारे एकही वाक्य तिच्या मांडणीत आवश्यक नव्हते. किती उत्तरे बरोबर आली तर दावा मान्य करायचा याचा निकष संख्याशास्त्राने आखलेला होता, म्हणजे दावा खरा असता तर तो सिद्ध होण्याची वाट खुली ठेवली होती. वैज्ञानिक दृष्टिकोन म्हणून जे काही शाळेत शिकवायचे असते ते हेच, आणि त्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. या कामातले एक सहकारी, दाभोलकर, यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात सकाळी फिरायला गेले असता गोळ्या घालून हत्या झाली. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने २०२१ मध्ये ज्योतिषाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. चाचणी घेणाऱ्याला विज्ञानरत्न आणि चाचणीत न उतरलेल्या विषयाला पदवी, हे दोन्ही एकाच राज्यव्यवस्थेने दिले, आणि त्यात कोणाला विसंगती जाणवली असेही दिसले नाही.

पाठ्यपुस्तकांची कथा याच जातीची आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर एनसीईआरटीने विज्ञानाची जी नवी पुस्तके काढली, त्यांच्या सल्लागार समितीचे अध्यक्ष नारळीकर होते. पुस्तकांच्या पहिल्या पानांवर त्यांचे नाव छापलेले आहे. त्यांपैकी दहावीच्या पुस्तकात आनुवंशिकता आणि उत्क्रांती असा एक पाठ होता. करोनानंतर ओझे कमी करण्याचे कारण देऊन त्यातला उत्क्रांतीचा भाग गाळण्यात आला आणि आवर्त सारणीचा पाठही गेला. अठराशेहून अधिक वैज्ञानिक आणि शिक्षकांनी २०२३ मध्ये त्याविरुद्ध पत्र लिहिले, पण निर्णय बदलला नाही. उत्क्रांती बारावीच्या जीवशास्त्रात आहे, हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे, कारण दहावीनंतर जो मुलगा वाणिज्य किंवा आयटीआयकडे वळतो त्याची तिच्याशी कधीच गाठ पडत नाही. विज्ञानशिक्षण भावी वैज्ञानिकांपुरते असावे की सर्व नागरिकांचे, या प्रश्नावर नारळीकरांची बाजू स्पष्ट होती.

इथे एक आक्षेप मनात येणे साहजिक आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ज्या माणसाने जगाला पुराव्यापुढे मान तुकवायला सांगितले, त्याने स्वतः तसे केले का? ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्याबरोबर त्यांनी १९६० च्या दशकात गुरुत्वाकर्षणाचा जो सिद्धांत मांडला आणि स्थिर स्थिती विश्वाची, म्हणजे विश्वाला आरंभ नाही या मताची, जी बाजू घेतली, तिला १९६५ मध्ये जाहीर झालेल्या सूक्ष्मतरंग पार्श्वप्रारणाच्या, म्हणजे साऱ्या आकाशातून येणाऱ्या मंद प्रारणाच्या, शोधाने मोठा धक्का बसला. बहुसंख्य विश्वशास्त्रज्ञ महास्फोटाकडे, म्हणजे विश्वाला एका अतितप्त अवस्थेतून आरंभ झाला या सिद्धांताकडे, गेले. नारळीकरांनी १९९३ मध्ये हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्याच विचाराचे सुधारलेले रूप मांडले आणि अखेरपर्यंत महास्फोटाविषयी शंका काढत राहिले. मला यात हट्ट दिसतो, हे मी मान्य करतो. परंतु तो हट्ट शोधनिबंधांतून मांडलेला होता, निरीक्षणांनी तपासता येईल अशा भाकितांसह मांडलेला होता, आणि आयुकात महास्फोटाच्या बाजूने काम करणाऱ्यांची वाट त्यांनी कधी अडवली नाही. संचालकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाने अल्पमतात राहूनही संस्थेला आपल्या मताचा मठ होऊ दिला नाही, ही गोष्ट मला त्यांच्या कोणत्याही पुरस्काराहून मोठी वाटते. आपल्या तसबीरपूजेत मात्र ही अडचणीची बाजू पुसली जाते. त्या नववीतल्या मुलीच्या भाषणात ‘महान शास्त्रज्ञ’ हा शब्दप्रयोग चार वेळा आला. या महान शास्त्रज्ञाशी जगातील बहुतेक शास्त्रज्ञ असहमत होते, हे तिला कोणी सांगितलेले नव्हते. सांगितले असते तर विज्ञान म्हणजे काय हे तिला त्या दिवशी पाठांतराहून बरेच अधिक कळले असते.

व्यक्तीला व्यासपीठावर बसवण्याची आपली हौस किती दांडगी आहे, ते नाशिकला डिसेंबर २०२१ मध्ये भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनात दिसले. नारळीकरांसारख्या विज्ञानलेखकाला अध्यक्षपद मिळाले याचे आधी मोठे कौतुक झाले होते. त्र्याऐंशी वर्षांचे अध्यक्ष प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत, तेव्हा त्याबद्दलची नाराजी व्यासपीठावरूनच बोलून दाखवली गेली. त्यांचे विचार पोहोचले होते, छापलेले भाषण उपलब्ध होते. देह तेवढा नव्हता. भाषणात काय होते यापेक्षा अध्यक्ष का आले नाहीत, यावर अधिक शाई खर्च झाली.

मराठीशी असलेले त्यांचे नाते तर संमेलनाच्या पुष्कळ आधीचे होते. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठवली. ही आद्याक्षरे उलटी वाचली की जयंत विष्णू नारळीकर निघतात. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथेची प्रत पत्नी मंगलाताईंच्या हातची होती. कथेला पहिले बक्षीस मिळाले आणि मग नाव उघड झाले. पद्मभूषण मिळालेल्या माणसाला आपली कथा नावाच्या वजनाशिवाय तोलली जावी असे वाटणे, ही मला पुढच्या त्या कुंडल्यांच्या चाचणीचीच आधीची पायरी वाटते.

आणि ते पोस्टकार्ड. व्याख्यानानंतर मुले स्वाक्षरीसाठी वह्या पुढे करत, तेव्हा ते स्वाक्षरी देत नसत. मला पोस्टकार्डावर विज्ञानाचा एक प्रश्न विचारा, उत्तर देईन आणि त्याखाली स्वाक्षरीही असेल, असे सांगत. पन्नास पैशांच्या कार्डावर मुलाने आधी काही काम करायचे आणि मग मोठ्या माणसाने करायचे, असा तो व्यवहार होता. वह्या पुढे करणाऱ्यांच्या मानाने पोस्टकार्डे लिहिणारी मुले थोडी निघत. आपल्या समाजाची विज्ञानाशी असलेली वागणूक याहून नेमकी मला कुठे आढळलेली नाही. स्वाक्षरी सर्वांना हवी असते. मंगलाताईंनाही त्याचा अनुभव आला. बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख म्हणून त्यांनी २०१९ मध्ये दुसरीच्या मुलांना ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असेही शिकवण्याचा पर्याय मांडला, कारण त्रेसष्ट आणि छत्तीस यांत गोंधळणारी मुले त्यांनी पाहिली होती. त्यावर महाराष्ट्राने जो विनोद केला त्यात लहान मुलांच्या अडचणीचा उल्लेख क्वचितच आला.

म्हणून पुढच्या वर्षी नारळीकरांच्या नावाने काही करायचे असेल, तर माझी सूचना अगदी सामान्य आहे. त्यांच्या नावाचा नवा पुरस्कार नको. प्रत्येक जिल्ह्यातील किती शाळांत प्रयोगशाळा परिचराचे पद रिक्त आहे आणि किती महाविद्यालयांत विज्ञानाचे शिक्षक तासिका तत्त्वावर आहेत, याची यादी शासनाने दर १९ जुलैला, त्यांच्या जन्मदिवशी, प्रसिद्ध करावी. ज्या संस्थेला त्यांच्या नावाने कार्यक्रम करायचा असेल तिने त्या यादीतील निदान एक ओळ कमी करून दाखवावी. सीएचबीच्या शिक्षकाला उन्हाळ्याचे दोन महिने आयुकासारख्या ठिकाणी काढता येतील एवढे विद्यावेतन एखाद्या विद्यापीठाने सुरू केले, तर त्याला त्यांचे नाव द्यायला माझी हरकत नाही.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात त्या मुख्याध्यापकांचा फोन आला. किल्ली सापडली नव्हती. शेवटी कुलूप तोडले. लोलक नववीच्या वर्गात हातोहात फिरला, आणि भाषण केलेल्या मुलीने भिंतीवर रंग पाडताना विचारले की जांभळाच नेहमी एका टोकाला का येतो. उत्तर देता येईल अशा शिक्षकांचा त्या दिवशी पाचवीला बदली तास होता, त्यामुळे ते दुसऱ्या दिवशी दिले. परिचराच्या पदाचा प्रस्ताव तिसऱ्यांदा पाठवला आहे, असेही ते म्हणाले.